गाडीचे प्रश्न : करंट नेमका कुठं अडतो?

पावसाच्या तोंडावर आलेल्या पत्रांत जुन्या पेट्रोल गाड्यांचं इग्निशन (प्लगवर ठिणगी पाडून पेट्रोल पेटवणारी व्यवस्था) हाच विषय पुन्हा पुन्हा दिसला, म्हणून या वेळचं सदर त्यालाच दिलं आहे. बहुतेक पत्रांत एक गोष्ट सारखी आहे: पार्ट आधी बदलला, तपासणी नंतर, आणि तीही झाली तर. खालच्या उत्तरांसाठी बारीक बल्बचा टेस्ट लॅम्प, साधा मल्टिमीटर आणि फीलर गेज (बारीक फट मोजायच्या पात्या) एवढंच लागतं.

प्रश्न : प्रीमियर पद्मिनी, पॉइंटवाली. गावात दिवसभर फिरवली तरी तक्रार नाही. पन्हाळ्याला जाताना मात्र वाघबीळ सोडून चढ लागला की झटके मारायला लागते आणि बंद पडते. बॉनेट उघडून वीस-पंचवीस मिनिटं थांबलं की एका सेल्फमध्ये चालू. पेट्रोल पंप बदलला, कार्ब्युरेटर साफ केला, फरक शून्य. गॅरेजवाले आता व्हेपर लॉक म्हणतात. खरं काय?
— वाचक, ताराबाई पार्क, कोल्हापूर

उत्तर : व्हेपर लॉक, म्हणजे उष्णतेनं नळीतच पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा अडणं, असू शकतो. पण गरम झाल्यावर दगा देणारी कॉइल (बॅटरीचा दाब हजारो व्होल्टवर नेणारा डबा) किंवा कंडेन्सर (पॉइंटवरची ठिणगी आवरणारा छोटा डबा) हुबेहूब हीच लक्षणं दाखवतात. दोन्हींतला फरक गाडी थंड झाल्यावर कळत नाही, बंद पडल्यावर पहिल्या दोन-तीन मिनिटांतच कळतो. त्यामुळे गॅरेजमध्ये उभ्या गाडीवर केलेलं निदान इथं फारसं उपयोगाचं नाही. डिकीत एक जादा प्लग, क्लिप लावलेली वायर आणि टेस्ट लॅम्प ठेवा आणि पुन्हा चढाला जा.

बंद पडली की लगेच एका प्लगची वायर काढून तिच्यात जादा प्लग बसवा. प्लगचा लोखंडी भाग वायरनं इंजिनच्या धातूला पक्का अर्थ करा, म्हणजे जोडा, हातात धरू नका, आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. आसपास पेट्रोल सांडलेलं नाही याची आधी खात्री करा. निळसर, कडकड आवाज करणारा स्पार्क दिसला तर इग्निशन निर्दोष समजा आणि पेट्रोलकडे वळा. एअर फिल्टर काढून कार्ब्युरेटरच्या तोंडात बघत अ‍ॅक्सिलरेटरची दांडी हलवली की पेट्रोलची धार दिसली पाहिजे. धार नसेल तर गॅरेजवाल्यांचं म्हणणं बरोबर.

स्पार्क नसेल, किंवा बारीक, पिवळट असेल, तर टेस्ट लॅम्पची एक बाजू अर्थला आणि दुसरी कॉइलच्या − टर्मिनलला लावा. हीच वायर डिस्ट्रिब्युटरकडे (प्लगांना पाळीपाळीनं करंट वाटणाऱ्या भागाकडे) जाते. इग्निशन चालू करून सेल्फ मारा. दिवा उघडझाप करत असेल तर पॉइंट (कॉइलचा करंट जोडणारी-तोडणारी टोकं) आणि कॉइलचं प्रायमरी (कमी व्होल्टचं) वाइंडिंग काम करत आहेत. बिघाड कॉइलच्या सेकंडरीत (जास्त व्होल्टच्या वाइंडिंगमध्ये), कंडेन्सरमध्ये, डिस्ट्रिब्युटरच्या आत फिरणाऱ्या रोटरमध्ये किंवा त्याच्यावरच्या कॅपमध्ये आहे. कॉइलची मधली जाड वायर कॅपमधून काढा, तिचं टोक इंजिन ब्लॉकपासून साधारण ६ मिमीवर बांधून ठेवा आणि पुन्हा सेल्फ मारा. इथं जोरदार स्पार्क आला तर कॉइल ठीक, दोष रोटरचा किंवा कॅपचा. इथंही मरगळलेला असेल तर कॉइल किंवा कंडेन्सर.

दिवा सतत पेटलेला राहिला तर पॉइंट बंदच होत नाहीत, त्यांच्यावर तेल-मळ बसला आहे, किंवा आतल्या प्लेटची अर्थची बारीक वायर तुटली आहे. अजिबात पेटला नाही तर तो + टर्मिनलला लावून बघा. तिथंही नसेल तर इग्निशन स्विच किंवा त्याची वायर. + वर पेटतो आणि − वर नाही, अशा वेळी − वरची डिस्ट्रिब्युटरची वायर सोडवा. आता − वर पेटला तर कॉइल शाबूत आहे आणि डिस्ट्रिब्युटरमध्ये कुठंतरी शॉर्ट आहे: कंडेन्सर, पॉइंटचा फायबर वॉशर किंवा आत शिरणाऱ्या वायरचं घासलेलं आवरण. तरीही नाही पेटला तर कॉइलचं प्रायमरी तुटलं आहे.

आकडे लिहून ठेवा. बॅलास्ट रेझिस्टर (कॉइलच्या आधी लावलेला, करंट कमी करणारा रोध) नसलेल्या साध्या १२ व्होल्ट कॉइलचं प्रायमरी थंड असताना साधारण ३ ओहम दाखवतं, बॅलास्टवाल्या कॉइलचं दीड ओहमच्या आसपास. मधल्या टर्मिनलपासून − पर्यंत सेकंडरी काही हजार ओहम असतं, ५ ते १० हजार ही सर्वसाधारण मर्यादा. गरम झाल्यावर तांब्याचा रोध वाढतोच. ३ ओहमची कॉइल तापून साडेतीन दाखवायला लागली तर घाबरू नका. पण गरम असताना मीटर अनंत दाखवतो आणि थंड झाल्यावर ३ वर येतो, अशी कॉइल तिथंच टाकून द्या.

ओल्या फडक्याची युक्ती सगळ्यांना ठाऊक आहे, पण पंप आणि कॉइल दोन्हींवर एकदम पाणी ओतलं जातं आणि मग काहीच सिद्ध होत नाही. आधी फक्त पंपावर ओलं फडकं ठेवा. दोन मिनिटांत चालू झाली नाही तर मग कॉइलवर, तेही फक्त डब्यावर. वरचं टोपण आणि टर्मिनल कोरडी राहू द्या.

कॉइल का जळते हेही बघायला हवं, नाहीतर नवीही जाईल. दोन कारणं नेहमीची. पहिलं, इंजिन बंद आणि चावी चालू. नेमके त्या वेळी पॉइंट मिटलेले असतील तर १२ व्होल्ट भागिले ३ ओहम म्हणजे ४ अँपिअर करंट सतत वाहतो आणि जवळजवळ ४८ वॉट उष्णता त्या डब्यात कोंडते. टेप ऐकत गाडी उभी करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. दुसरं, दुकानदारानं दिलेली दीड ओहमची कॉइल बॅलास्ट न लावता थेट जोडणं. करंट दुप्पट, ८ अँपिअर. अशी गाडी आधी छान पळते, म्हणून कुणाला शंका येत नाही. मग घाटात कॉइल तापते आणि पॉइंटही जळतात.

कंडेन्सर तपासायला तो गाडीतून काढायची गरज नाही. जुन्याची वायर सोडवा, दुसरा एक चांगला कंडेन्सर कॉइलच्या − टर्मिनलला जोडा आणि त्याचा डबा क्लिपनं अर्थ करा. गाडी लगेच धरली तर उत्तर मिळालं.

प्रश्न : अ‍ॅम्बेसेडर, १४८९ सीसी पेट्रोल. उन्हाळ्यात पहिल्या सेल्फला चालू होते. जून लागला की सकाळी बॅटरी उतरेपर्यंत सेल्फ मारा, नुसती फुरफुरते. ऊन पडलं की आपोआप चालू. कॉइल बदलायचा सल्ला मिळाला आहे.
— वाचक, गगनबावडा

उत्तर : कॉइल राहू द्या. गगनबावड्याच्या पावसात आणि धुक्यात अडचण वायर आणि कॅप यांची असते. प्लगकडे जाणारा दाब १० हजार व्होल्टच्या वर असतो. कॅपवर धूळ आणि तेलाचा थर असला आणि त्याला दमट हवा लागली की करंटाला प्लगच्या फटीपेक्षा तो थर सोपा पडतो. त्यात थंड सकाळी बॅटरी ढिली असेल तर कॉइललाच कमी व्होल्ट मिळतात. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्ट हवी. १२.२ म्हणजे अर्धीच भरलेली. सेल्फ फिरत असताना कॉइलच्या + वर साडेनऊच्या खाली जात असेल तर आधी बॅटरी, तिची टर्मिनल आणि इंजिनची अर्थ पट्टी साफ करा.

मग कॅप काढा. आतून-बाहेरून कोरड्या सुती फडक्यानं पुसा आणि उजेडात धरून बघा. एका पितळी टोकापासून दुसऱ्याकडे, किंवा कडेकडे, केसासारखी काळी रेघ गेलेली दिसली तर तो जळालेला कार्बन आहे. ब्लेडनं खरवडून आजचा दिवस निघेल, पण कॅप बदलावीच लागेल. मधला कार्बन ब्रश बोटानं दाबला की स्प्रिंगवर सहज आत-बाहेर झाला पाहिजे. रोटरच्या पितळी पट्टीखाली भोक पडलंय का बघा. तिथून करंट थेट शाफ्टमध्ये उतरतो आणि हा दोष वरून दिसत नाही.

वायर तपासायला रात्र सोयीची. अंधारात इंजिन चालू ठेवून पंपाच्या बाटलीनं वायरांवर बारीक तुषार मारा. जिथं निळसर ठिणग्या नाचतील ती वायर बाद. कार्बनच्या वायरीचा रोध मीटरला साधारण १० ते २० हजार ओहम येतो. त्याच्या कितीतरी वर किंवा अनंत आला तर बदला. प्लगची पांढरी चिनी माती आणि कॉइलचा मधला खांबही पुसा. डब्ल्यूडी-४० मारून पाणी हटतं, पण तो पेट घेतो. मारल्यावर काही मिनिटं वाफ जाऊ द्या, मगच सेल्फ मारा.

एक जुनी युक्ती तुमच्या भागात खरंच उपयोगी आहे. रबरी हातमोज्याच्या बोटांची टोकं कापून तो कॅपवर चढवायचा. चार प्लगच्या वायर आणि एक कॉइलची, बरोबर पाच बोटं. पंख्यात अडकणार नाही असा खाली बांधा, आणि पाऊस सरला की काढा, नाहीतर आतली वाफ आतच राहते. सर्व्हिसिंगला इंजिनवर प्रेशरचं पाणी मारू देऊ नका, हे वेगळं सांगायला नको.

प्रश्न : पद्मिनीचे पॉइंट महिन्या-दीड महिन्यात जळतात. एका बाजूला टोक वर येतं, समोर खड्डा पडतो. पॉलिश पेपरनं घासून चालवतो. हलक्या प्रतीचे पॉइंट मिळतात, हेच कारण ना?
— वाचक, इचलकरंजी

उत्तर : हलका माल असतोच, पण दीड महिन्यात एवढा खड्डा पडायला दुसरं काहीतरी लागतं. निरोगी पॉइंट नुसते राखाडी दिसतात. एकीकडून धातू निघून दुसरीकडे साठत असेल तर पहिला संशय कंडेन्सरवर. या प्रकारच्या गाड्यांत तो साधारण ०.१८ ते ०.२५ मायक्रोफॅरडचा असतो, आणि आता स्वस्त मल्टिमीटरवरही हे मोजता येतं. त्याचा डबा ज्या स्क्रूनं बसतो तिथला रंग-गंज खरवडा. अर्थ ढिला असला तर चांगला कंडेन्सरही निरुपयोगी. आणि जुना कंडेन्सर नीट चालत असेल तर पॉइंटबरोबर तो बदलायची सवय सोडा. बाजारातल्या नव्यापेक्षा तुमचा जुना बऱ्याचदा भरवशाचा निघतो.

पॉइंट निळे-काळे पडत असतील तर करंट जास्त आहे. वर सांगितलेली दीड ओहमची कॉइल नाही ना, ते मोजा. इंजिन वेगात असताना बॅटरीवर १४.८ व्होल्टच्या वर जात असेल तर व्होल्टेज रेग्युलेटर बघायला द्या. पॉइंटखाली तेलाचा काळा डाग दिसला तर ग्रीस जास्त झालं आहे. कॅमवर (पॉइंट उघडणाऱ्या शाफ्टच्या उंचवट्यांवर) टाचणीच्या डोक्याएवढं घट्ट ग्रीस पुरतं आणि रोटरखालच्या फेल्टवर इंजिन ऑइलचे दोन थेंब. त्याहून जास्त दिलेलं सगळं उडून पॉइंटवर बसतं.

पॉलिश पेपर बंद करा. त्याचे कण धातूत रुततात आणि तिथूनच पुन्हा ठिणग्या उडतात. पॉइंटची बारीक कानस मिळते, ती वापरा. नवे पॉइंट गंज लागू नये म्हणून तेलाचा पातळ थर देऊन येतात. स्पिरिटनं पुसून, कोरडं जाड कागद मधून ओढून मगच बसवा.

गॅप पद्मिनीला ०.४२ ते ०.४८ मिमी, म्हणजे फीलरची ०.४५ ची पात. अ‍ॅम्बेसेडरच्या ल्युकास डिस्ट्रिब्युटरला ०.३५ ते ०.४०. पण वर आलेल्या टोकावर पात टेकवून गॅप घेतला तर खरी फट फीलरला दिसते त्यापेक्षा मोठी असते. खड्डा पडलेल्या पॉइंटचं सेटिंग फीलरनं होत नाही, आधी ते सपाट करा किंवा बदला. नव्या पॉइंटची फायबरची टाच सुरुवातीला झिजते आणि गॅप कमी होतो, म्हणून पाचएकशे किलोमीटरनंतर पुन्हा तपासा.

शेवटी चारही कॅमवर गॅप मोजा. दोन कॅममध्ये ०.०५ मिमीपेक्षा जास्त फरक पडत असेल किंवा शाफ्ट बोटानं आडवा हलत असेल तर बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती नळी) गेला आहे. तोवर कितीही महागडे पॉइंट टाका, गाडी एका लयीत चालणार नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर नवा बुश ओढून देणारे मिळतात. शाफ्ट बरोबर न्या आणि शाफ्टच्या मापानं बुश करायला सांगा. शाफ्टच झिजला असेल तर तो आधी.

प्रश्न : कार्ब्युरेटरची मारुती ८००. प्लग आणि वायर नवे टाकल्यापासून मिसिंग मारते, कार्ब्युरेटरमध्ये फाटफाट आवाज येतो.
— वाचक, जयसिंगपूर

उत्तर : वायरी उलटसुलट झाल्या आहेत. तीन सिलिंडरचा क्रम १-३-२ आहे. एक नंबरची वायर जागेवर असेल तर चूक एकच होऊ शकते: दोन आणि तीनची अदलाबदल. रोटर ज्या दिशेनं फिरतो त्या दिशेनं कॅपवर १, ३, २ लावा.

तरीही एखादा सिलिंडर मेलेला वाटला तर चालू इंजिनवर वायरी ओढून बघू नका. उघड्या वायरीमुळे कॉइलवर ताण येतो, आणि तुमच्या गाडीत पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक इग्नायटर असेल तर तोही जाऊ शकतो. इंजिन बंद करून संशयित प्लग शेजारच्या सिलिंडरला लावा. मिसिंग प्लगबरोबर गेलं तर प्लग खराब, जागेवर राहिलं तर वायर किंवा कॉम्प्रेशन. नव्या प्लगचा गॅप डब्यातूनच बरोबर येतो असं धरून चालू नका. ०.७ ते ०.८ मिमी मोजून घ्या.

प्रश्न : टायमिंग लाइट नाही. घरच्या घरी टायमिंग बसवता येतं का? गाडी अ‍ॅम्बेसेडर.
— वाचक, गडहिंग्लज

उत्तर : येतं, आणि चांगलं येतं. टायमिंग म्हणजे प्लगवर ठिणगी नेमकी कधी पडावी ती वेळ. आधी पॉइंटचा गॅप पक्का करा, कारण गॅप बदलला की टायमिंग सरकतं: फट मोठी झाली की टायमिंग पुढं जातं (ठिणगी लवकर पडते), लहान झाली की मागं. उलट क्रमानं केलेलं काम पुन्हा करावं लागतं.

रेडिएटरकडचा पहिला सिलिंडर एक नंबर. त्याचा प्लग काढून भोकावर अंगठा ठेवा आणि इंजिन चालतं त्याच दिशेनं हातानं फिरवा. आतून हवा अंगठा ढकलायला लागली की कॉम्प्रेशन स्ट्रोक. आता पुलीवरची खूण मॅन्युअलमध्ये दिलेल्या अंशावर आणा. खूण ओलांडली तर मागं आणू नका, चेन आणि गिअरमधला ढिलेपणा मोजमापात शिरतो. दोन पूर्ण फेरे देऊन पुन्हा या. कॅप काढल्यावर रोटर एक नंबरच्या टोकाकडे बघत असला पाहिजे. चार नंबरकडे बघत असेल तर तुम्ही चुकीच्या फेऱ्यावर आहात.

टेस्ट लॅम्प कॉइलच्या डिस्ट्रिब्युटरकडच्या टर्मिनलला आणि अर्थला लावा, इग्निशन चालू करा, डिस्ट्रिब्युटरचा क्लॅम्प सैल करा. या इंजिनात रोटर घड्याळाच्या काट्याच्या उलट फिरतो. डिस्ट्रिब्युटरचं अंग त्याच दिशेनं दिवा विझेपर्यंत फिरवा, मग अगदी हळू काट्याच्या दिशेनं आणा. दिवा पेटला त्या क्षणी पॉइंट उघडले. तिथं क्लॅम्प आवळा. आवळताना अंग सरकतं, म्हणून दोन फेरे फिरवून खुणेवर दिवा पेटतो का ते परत बघा. वायरींचा क्रम १-३-४-२, काट्याच्या उलट दिशेनं.

मग रस्त्यावर. टॉप गिअरला ४० च्या वेगात अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. क्षणभर हलकी टिकटिक येऊन वेग वाढताच थांबली तर ठीक. टिकटिक चालूच राहिली तर टायमिंग थोडं मागं घ्या. आवाज काहीच नाही, पण गाडी जड आणि पाणी तापतंय, तर थोडं पुढं. ल्युकास डिस्ट्रिब्युटरला यासाठीच बारीक फिरकी दिलेली आहे. क्लॅम्प परत सैल करायची गरज पडत नाही.

टायमिंग बरोबर असूनही पिकअप नसेल तर अ‍ॅडव्हान्स (वेग वाढला की टायमिंग आपोआप पुढं नेणारी यंत्रणा) अडकला असेल. रोटर हातानं फिरण्याच्या दिशेला थोडा पिळून सोडा, स्प्रिंगनं जागेवर आला पाहिजे. व्हॅक्यूमची नळी कार्ब्युरेटरकडून काढून तोंडानं ओढा. आतली प्लेट सरकली पाहिजे आणि नळी जिभेनं बंद धरली तर तिथंच थांबली पाहिजे. परत येत असेल तर डायफ्रॅम फाटला आहे.

प्रश्न : पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक किट बसवावं का?
— वाचक, निपाणी

उत्तर : रोज चालवत असाल तर बसवा. महिन्यातून एकदा बाहेर काढत असाल तर पॉइंट पुरेसे आहेत, आणि रस्त्यात बिघडले तर स्क्रू ड्रायव्हरनं दुरुस्त होतात. किट गेलं की गेलं. किटच्या कागदावर कॉइलचा किमान रोध दिलेला असतो, तुमची कॉइल मोजून जुळवा. + आणि − क्षणभर उलटे लागले तरी किट जळतं. झिजलेला बुश किटनं बरा होत नाही, तेवढा आधी करून घ्या. जुनी प्लेट सेट केलेल्या पॉइंट-कंडेन्सरसकट डिकीत ठेवा, म्हणजे किट गेलं तरी गाडी घरी येते.